बावीस मैल, पाच पूल

मंगळवार, ४ नोव्हेंबर. संध्याकाळ.
उद्या निघणार. सिटी मरीना, शहरातला बोटींचा धक्का, इथून पाण्याने बावीस मैल. वाटेत पाच उघडायचे पूल. मागितलं तर दर अर्ध्या तासाला उघडतात. ताशी पाच मैल धरले तरी साडेचार तास. उद्या दुपारचं जेवण मरीनात. एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलीय, एवढं गणित येतं मला.

आर्डिथ सकाळच्या बसने पुढे गेली, बहिणीकडे. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "मर्ल, शनिवारी बारा वाजता मी धक्क्यावर असेन. आलास तर मीही बोटीवर राहायला येते, अख्खा हिवाळा. नाही आलास तर सोमवारी बोट विकायची. क्लीटकडे गिऱ्हाईक आहे." क्लीट म्हणजे तिच्या बहिणीचा नवरा. त्याला माझं सुख बघवत नाही.

ती बोटीवर येणार वगैरे काही नाही. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणते. बाथटबमध्ये सुद्धा तिला मळमळतं. लग्नाला मी चाळीस मिनिटं उशिरा पोचलो होतो, त्याचा राग पस्तीस वर्षं चाललाय. तेव्हा टायर पंक्चर होता. हे मी तिला अनेकदा समजावलंय.

बोटीचं नाव हायपोटेन्यूज. कर्ण, म्हणजे सगळ्यांत जवळचा रस्ता. डोलकाठी पंचेचाळीस फूट. ऑगस्टमध्ये बोट यार्डात ठोकळ्यांवर चढवली होती तेव्हा स्वतः मोजली. जमिनीपासून टोकाच्या अँटेनापर्यंत बेचाळीस, वर तीन फूट सेफ्टी. लोक अंदाजाने चालतात. मी नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर. सकाळी ६ला निघायचं.

बुधवार, १०.१०. निघालो. दोरांच्या गाठी फार पक्क्या बसल्या होत्या. मीच मारलेल्या.

दुपारी १२.४०. पहिला पूल पार. भोंगा दिला, एक लांब, एक आखूड. पूल बाराला उघडला, पण मी जरा लांब होतो, तोवर बंद झाला. साडेबाराला पुन्हा उघडायला लावला. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. सगळ्यांनी हॉर्न वाजवले, एकजण तर गाडीतून उतरून ओरडत होता. मीही हात केला. या भागात शिडाच्या बोटीचं लोकांना फार कौतुक आहे.

४.०५. दुसरा पूल. पाच मिनिटांनी चुकला. कामाच्या दिवशी चार ते सहा उघडत नाहीत, ऑफिसं सुटतात म्हणून. हा नियम कुठे लिहिलाय म्हणून रेडिओवर विचारलं. समोरचा म्हणाला, "पुलावर लिहिलाय, कॅप्टन. चार-चार फुटी अक्षरात." नांगर टाकला. जेवण: डब्यातले बीन्स. तब्येतीला चांगले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. सकाळी ७ ते ९ पण उघडत नाहीत. म्हणजे लोक ऑफिसला जातात तेव्हाही. माणसाने जायचं कधी?

दुपार. दुसरा पार, तिसरा पार. तिसऱ्याला दीड तास लागला, कारण मी हाका मारत होतो दुसऱ्याच्या नावाने. शेवटी दुसऱ्यानेच सांगितलं, "कॅप्टन, तुम्ही मला मागे टाकून गेलात. पुढच्याला विचारा." रेडिओची शिस्तच राहिलेली नाही.

आर्डिथचा फोन. कुठवर आलास? म्हटलं, शहर दिसायला लागलंय. दिसतंच आहे, उंच इमारतींची टोकं दिसतात. मग तिचं भलतंच सुरू. पुढच्या पलंगावर दोघं मावतात का, ओल्या डेकवर पाय घसरतो का, चहाची किटली आणू का. मी म्हटलं, काय आणायचं ते आण. बायकांना गप्पांना काहीही विषय चालतो.

जवळजवळ दोन दिवस हातात आहेत, पूल फक्त दोन. निवांत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. सकाळी १०. चौथा पूल बिघडलाय. उघडतच नाही. पूल उघडायला ओडेसा नावाच्या बाई आहेत, आवाज हेडमिस्ट्रेससारखा. मेकॅनिक येतोय म्हणाल्या. मग म्हणाल्या, "खाली चाळीस फूट जागा आहे, कॅप्टन. तुम्हाला किती लागते?"
म्हटलं, पंचेचाळीस.
बाई म्हणाल्या, "इथून तेवढी दिसत नाही हो तुमची काठी."
मी म्हटलं, बाई, मी भूमितीचा शिक्षक आहे.
"माझा नवरा सुतार आहे," म्हणाल्या, "तो मोजतो."
मी रेडिओ बंद केला. अपमानालाही मर्यादा असते.

संध्याकाळ. मेकॅनिक आला, बघितलं, गेला. पार्ट मागवलाय.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळी ९.३०. आमच्याच मापाची एक बोट आली, काठी माझ्यापेक्षा उंचच असेल. न थांबता खालून निघून गेली. म्हातारा-म्हातारी होते, कॉफी पीत. असले बेजबाबदार लोक पाण्यावर येऊच देऊ नयेत.

११.४५. आर्डिथला फोन करावा का? नको. उशीर होतोय असं सांगितलं की उशीर झालाच म्हणून समजा. पूल कधीही उघडेल. तशी तीही बारा म्हणजे साडेबाराला येणारी.

२.००. फोनची बॅटरी संपली. तिला कळेलच की पूल बिघडलाय. बातम्यांत सांगत असतील.

५.००. मरीना इथून दोन मैल. दोनच. बीन्स संपले. रडू आलं, पण वारा फार आहे, डोळ्यांत जातो.

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपार.
हे नीट लिहितो. सकाळी ओडेसाबाईंशी समोरासमोर बोलावं म्हणून नांगर काढून पुलाजवळ गेलो. इंजिन बंद पडलं. भरतीने बोट सरळ पुलाकडे ओढली. वरून बाई ओरडत होत्या, मी खाली बसून डोळे मिटले. आर्डिथ, माफ कर, असं मोठ्याने म्हणालो. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर पूल मागे होता. काठी आणि पूल यांच्यामध्ये एक उंच माणूस हात वर न करता उभा राहील एवढी जागा नव्हती, पण बसून आरामात राहिला असता.

रेडिओवर बाई म्हणाल्या, "काय म्हणत होते मी." मग म्हणाल्या, "जाऊ दे, लवकर जा."

ठोकळे. ठोकळे आणि खालचा सगळा कणा. पाण्यात जातो तो भाग. मी जमिनीपासून मोजलं. आठवीतल्या पोरांना मी यासाठी नापास केलंय.

इंजिन सुरू झालं. पेट्रोलचा कॉक बंद होता, कोणी केला कळत नाही. पाचव्या पुलाला विचारलंच नाही, खालून आलो. दोन मैल, पंचवीस मिनिटं.

धक्क्यावरचा माणूस, रूबेन, दोर पकडायला आला. म्हणाला, "तुम्ही मर्ल का? काल एक बाई होत्या. साडेअकरालाच आल्या. दोन बॅगा, एक किटली, पायात नवे कोरे डेकवरचे बूट. मला त्यांनी तीनदा विचारलं, यांनी घसरायला होत नाही ना. रात्र पडेपर्यंत बसल्या. मग बूट काढून ठेवून गेल्या, म्हणाल्या कुणाला लागले तर द्या."

बूट सात नंबरचे आहेत. तळवे अजून पांढरे आहेत.

ती खरंच येणार होती.

सोमवार, १० नोव्हेंबर. दुपार.
सकाळी क्लीट गिऱ्हाईकाला घेऊन आला. चुणचुणीत माणूस, स्वतःचा टेप घेऊन. काठी किती, विचारलं. पाण्यापासून छत्तीस, मी म्हटलं. त्याने मोजली. छत्तीस. सही केली.

रूबेनच्या फोनवरून आर्डिथशी बोललो. ती काल बसने घरी गेली. आज चारला मुलगी न्यायला येणार, मग सगळा हिवाळा तिच्याकडे, जॉर्जियात. मी पुलाचं, ठोकळ्यांचं सगळं सांगायला लागलो. ती म्हणाली, "फोनवर नको, मर्ल. जे सांगायचंय ते चारच्या आत समोर येऊन सांग. मी ऐकेन." आवाज मऊ होता. मी ओळखतो तो आवाज.

बसला चाळीस मिनिटं लागतात. २.१०ची सोडली, जरा दाढी केली. ३.१०ची घेतली तरी ३.५०ला घरी. दहा मिनिटं हातात राहतात. बूट बरोबर घेतलेत.

३.२८. बसमध्ये. ओडेसाबाईंचा पूल आला.

३.३०. पूल उघडला, पार्ट बसवलेला दिसतो. एक शिडाची बोट येतेय. सावकाश.

३.४१. बोट अजून येतेय. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. म्हणाला, "खाली चाळीस फूट जागा असते, तरी या शहाण्यांना पूल उघडून हवा." सगळी बस हसली. मी खिडकीतून काठी बघितली. फार तर चौतीस.

३.५५. बोट गेली. पूल खाली येत नाहीये. मेकॅनिकला फोन केलाय म्हणतात.

४.०२. रांगेतल्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवतायत. पलीकडे बोटवाला वळून आमच्याकडे बघतोय आणि हात हलवतोय.