जिंकलेल्या छकडीची खीळ

प्रिय संपत,

तीनदा फोन लावला. तू हॅलो म्हणला की मी कट करायचो. म्हणून कागद घेतला. दहावीनंतर भागवतनं पेन धरला म्हणून हसशील. हास बाबा.

आपला हिऱ्या बैल जिता हाये. गुडघा वाकडाच राह्यला, पण ओढ्यापर्यंत लंगडत जातो. आई त्याला बसून खाऊ घालते. बिजल्याला जोडीदार न्हाई, तो दिवसभर दाव्याला हिसके देऊन राह्यला. औंदा शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, आपली छकडी न्हाई.

मागचा हंगाम डोळ्यापुढून हलत न्हाई. सहा पट पळालो, तीनदा आपटलो. भोकरदनकडं ऐन पळतीत बैलाच्या गळ्याचं जोतं तुटलं. घनसावंगीकडं छकडी कलंडली, तुझा खांदा सोलून निघाला, तरी तू कासरा सोडला न्हाई. बैल हाकणं तुझ्याकडं, छकडीचं सामान माझ्याकडं, असं आपलं ठरलेलं. दर वेळी तू म्हणायचा, भागवत, सामान नीट बघत जा. मी म्हणायचो, सगळं बराबर हाये, तू फक्त हाक.

पाचवा पट आपण मारला. चाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला, अन् तेव्हाच तू मला दाखवलं की चाक अडवणारी खीळ झिजली, बदल. मी हो म्हणलो. पुढच्या पटाला तू पुन्हा विचारलं, तर म्हणलो, बदलली, बिलकुल नवी हाये. खोटं बोललो रे. जिंकलेल्या छकडीचा खिळासुद्धा हंगामभर बदलायचा न्हाई, असा आमच्या बापाचा, कारभारीअण्णाचा नेम. तो मोडायची माझी छाती झाली न्हाई. जुन्याच खिळीला चिंधी गुंडाळून ठोकली.

त्याच पटात चाक निघालं, हिऱ्या खाली आला. लोक धावत आले अन् म्हणले, संपतनं कासरा आखडला, ह्या हाकणाऱ्या धुरकऱ्याचा भरवसा न्हाई. खिळीचे दोन तुकडे माझ्या मुठीत होते अन् मी मान खाली घालून उभा. मंग तुला कुणी बैल दिले न्हाईत, तू संभाजीनगरला कंपनीत गेला. लाज वाटते मला, लई लाज वाटते.

परवा तू आईला फोन केल्ता. माय, माझा हात चुकला, हिऱ्याचं वाटोळं केलं, माफ करा, म्हणत रडला. आईनं जेवताना सांगितलं. तिथंच मी सारं बोलून टाकलं. आई ताटावरून उठून गेली. तुझी वहिनी शालू म्हणली, गावासमोर गप बसला ना, मंग गावासमोरच बोला. उद्या पारावर पटवाले जमतील, तिथं हे पत्र मोठ्यानं वाचतो, अन् मंगच पोस्टात टाकतो. माझा आवाज फुटला न्हाई तर शालू वाचील. तुझा हात चुकला नव्हता, संपत. तू मागितलेली माफी परत घे.

तुझाच,
भागवत