पाण्याला थांबलेली माणसं

कळमनुरी, १४ एप्रिल २०२४

चि. मंजुषास, काकाचे अनेक आशीर्वाद.

आपल्या जुन्या कॉलेजच्या जागी होणाऱ्या इमारतीचा तुझा नकाशा मिळाला. मधोमध मोकळा चौक, त्यात दगडी बाकं, आणि तुझी टीप, की विद्यार्थी इथे बसून संवाद साधतील. एप्रिलच्या दुपारी त्या बाकांवर तुझ्या काकूचे पापड उत्तम वाळतील.

आमच्या वेळी बाक नव्हता. उत्तरेच्या पडवीत दोन रांजण, आणि पेला एकच. तो हाती येईस्तोवर थांबावं लागे. मी संस्कृतचा, चाँद पाशा कॉमर्सचा. वर्गात आमची गाठ पडायचं कारणच नव्हतं. तो मुद्दाम घोट घोट पिई, मी चिडत उभा. त्या चिडण्यातून जन्माची सोबत निघाली. न्यायशास्त्रात ज्याला निमित्तकारण म्हणतात, ते आमच्या बाबतीत तहान. तू तर मजल्यामजल्यावर थंड पाण्याचं यंत्र दिलंयस. मग कोण कशाला खाली उतरेल?

या टीकेनंतरही लोभ शिल्लक ठेव.

विश्वंभरकाका

नांदेड, ४ मे २०२४

ती. स्व. काकांस, शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राचा आधी रागच आला. गुरुवारी नकाशा समितीपुढे जायचाय, आणि माझं हे पहिलं स्वतंत्र काम. आता बदल केले तर पोरीला ठरवता येत नाही म्हणतील, आणि काम दुसऱ्याकडे जाईल.

तरी भर दुपारी कॉलेजात जाऊन आले. मुलं लिंबाखाली बसलेली. मुली सायकल स्टँडमागे, भिंतीच्या हातभर सावलीत उभ्या. अलमास नावाच्या मुलीला विचारलं, की तुम्हीही लिंबाखाली का बसत नाही. तिनं उलट मलाच विचारलं, की रिकामं काहून बसावं. बसलेलं पाहिलं की घरी बातमी पोचते, पाण्याला थांबलं तर कुणी काही म्हणत न्हाई.

काका, मी बाकं खोडली. सगळं पाणी एकाच जागी, उत्तरेच्या रुंद पडवीत; पुढे लिंब, मागे वारा फिरायला जाळीची भिंत, आणि टेकायला कोपराइतका उंच कठडा. काम राहतं की जातं, बघू.

काकूंना नमस्कार. मायेला रजा देऊ नका.

मंजुषा

कळमनुरी, ९ एप्रिल २०२६

चि. मंजुषास, आशीर्वाद, आणि यंदा थोडा मानही.

अशानं पडवीत गर्दी होईल, असं समितीचे अध्यक्ष अमृतराव त्या गुरुवारच्या बैठकीत म्हणाले, आणि तू म्हणालीस की तीच हवीय. काम तुझ्याकडे राहिलं ते त्या उत्तरानं, असं मी गावभर सांगत असतो.

काल चाँद पाशाला घेऊन तुझी पडवी पाहिली. बाहेर रस्ता भाजत होता, आत वारा. पोरंपोरी कठड्याला टेकलेली, घाई कुणालाच नाही. एकीनं सरकून आम्हाला सांगितलं, की आजोबा, तुमी आधी घ्या. मला तो शब्द जरा लागला. पाशाचं मत पडलं, की लेकरानं बराबर ओळखलं. मग तो पोरांना आमच्या प्राचार्यांची चाल करून दाखवू लागला, आणि पोरं आपल्या सरांची. तास सुरू झाल्याची घंटा वाजली, कुणी हललं नाही. मी जन्मभर मास्तरकी केली, पण तिकडे काणाडोळा केला.

घरी आल्यावर काकूनं विचारलं, की तिथलं पाणी कसं आहे. तेव्हा ध्यानात आलं, आम्ही प्यायलोच नव्हतो.

येत जा, आणि आमचा आठव असू दे.

विश्वंभरकाका