नातीचं सर्टिफिकेट आणि विणकामाचं पुस्तक

तीर्थस्वरूप वन्सं,

वाकून नमस्कार. (मनातल्या मनात. खरंच वाकले तर उठवायला माणूस लागतं.) तुमचा गुडघा जिना चढू देतो का, ते आधी कळवा. मी ठणठणीत आहे, दातांचं सोडा. अक्षर वाकडं आहे, पण तिसरीतून काढलेल्या बाईचं याहून सरळ यायचं नाही.

तर बातमी अशी, की आपली चिमणी पास झाली. सात वर्षं माझी ही नात गावची लायब्ररी एकटी सांभाळतेय (छत गळलं की स्वतःची छत्री पुस्तकांवर धरते आणि आपण भिजते), पण पदवी नाही म्हणून सगळे तिला नुसतं प्रभारी म्हणायचे. आता पदवी नसलेल्यांसाठी परीक्षा निघाली. काम दाखवा, सर्टिफिकेट घ्या, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला. अभ्यास म्हणून तिनं माझ्या डब्यांवरसुद्धा नंबर डकवले. आठवडाभर मी साखर वहीत बघून शोधत होते.

तपासनीस बाई आल्या तेव्हा मी वाचक म्हणून कोपऱ्यात बसले होते. (पेपर सरळ धरलाय ना, ते दोनदा बघितलं.) बाईंनी यादीतली दहा पुस्तकं मागितली. नऊ आली. दहावं विणकामाचं. मी पेपर आणखी वर धरला. बांधणीला गेलंय म्हणाली असती, तर कोण बघायला जाणार होतं? पण चिमणी म्हणाली, "ते माझ्या आजीनं नेलंय. चार वर्षं झाली. आजी म्हणून मागितलं नाही, ते माझं चुकलं."

बाईंनी चष्मा काढून थेट माझ्याकडे बघितलं. (नाक एकच आहे आम्हा दोघींचं.) म्हणाल्या, पुस्तक सापडलं नाही की पदवीवाले तर मला बांधणीला गेलंय असंच सांगतात. पास केलं, पण पंधरा दिवसांत पुस्तक जागेवर दिसलं तरच सही. मग मी पुढे होऊन पुस्तक कुठे आहे ते सांगून टाकलं.

तुमची भावजय

ता. क. पुस्तक तुमच्याकडे आहे, असं सांगितलं. तुम्ही नेऊन विसरलात, हेही. तेवढं लगेच पाठवा.

आणखी एक ता. क. पाठवू नका. आत्ताच माझ्या पेटीत सापडलं, तुमच्यासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरसकट. पण आता मी कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही नुसतं एक पार्सल पाठवा. रिकामं चालेल, जाड दिसू द्या. आत काही घालायचंच असेल, तर तुमच्या हाताचं माप घाला. एक बाही झालीय.