आत्याचं पिवळं लेबल

कोल्हापूर,
४ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भांडायचं ते पत्रातून, फोनवर माणूस सोयीपुरतं बोलतो, असा आपल्या आत्याचा नियम होता. म्हणून हे पत्र.

पद्माआत्याच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या फ्लेक्सचा फोटो पाहिला. वा! रहाटणीच्या चौकात, कोचिंग क्लासच्या जाहिरातीशेजारी आत्या. चष्मा गायब, सुरकुत्या गायब, आणि खाली ‘प्रेमळ, सोशिक, देवभोळी गृहिणी’. गृहिणी? चाकणच्या कारखान्यात अठरा वर्षं तिने सुटे भाग तपासले. चांगल्या मालाला हिरवं लेबल, वाया गेलेल्याला लाल, दुरुस्त होण्यासारख्याला पिवळं. घरीही तेच. माझ्या पहिल्या पोळीला लाल लागलं होतं आणि तुझ्या लग्नातल्या सुटाला पिवळं. सोशिक म्हणे! सदोष माल सोडा म्हणणाऱ्या मॅनेजरला तिने, मग सही तुम्हीच करा, असं तोंडावर सुनावलं होतं.

स्मरणिकेसाठी तू माझ्याकडे ‘दोन शब्द’ मागितलेस. मिळणार नाहीत. आई गेल्यावर तिने आपल्या दोघांना वाढवलं, पण ती खरी कळली ती मला. तिच्याबद्दल मी लिहीन तेव्हा लिहीन, तुझ्या मित्रमंडळाच्या शोकाकुल यादीत बसून नाही.

लोभ वाढवायचा असेल तर आधी फ्लेक्स उतरव.

तुझी,
सई


वाकड,
११ जानेवारी २०२५

चि. सईस,
अ. उ. आ.

पत्र वाचून धन्य झालो. फ्लेक्सचा मजकूर मंडळाच्या गणराजने लिहिला, चष्माही त्यानेच पुसला. मी न वाचता हो म्हटलं, ही चूक कबूल.

पण बाईसाहेब, आत्या म्हणे तुम्हालाच कळली. शेवटचे आठ महिने ती अंथरुणावर होती. दर रविवारी जाऊन तिची नखं मी कापायचो आणि तिरकी कापली म्हणून बोलणी खायचो. तू एकदाही फिरकली नाहीस. कोल्हापूर काही सातासमुद्रापार नाही. दहाव्याला मात्र सगळ्यांत मोठा गळा तूच काढलास.

तिच्या कपाटात आपली सगळी पत्रं सापडली. प्रत्येकावर लेबल! माझ्या बहुतेक पत्रांवर लाल, हसू नकोस. तुझी सगळी हिरवी, फक्त एक सोडून. तिच्या शेवटच्या दिवाळीत तू लिहिलं होतंस, मिहिरची सहामाही परीक्षा आहे, पोराला सोडून येता येत नाही. ते पत्र लेबलासकट सोबत पाठवतोय. माझ्या पदरचं काही घालत नाही.

राग आला तरी आशीर्वाद परत पाठवू नकोस.

तुझा,
सलिलदादा


कोल्हापूर,
१८ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लेबल तीनदा वाचलं. कारखान्यातलं तेच ठसठशीत अक्षर: ‘कारण खोटं. पोरगी चांगली. दुरुस्त होईल.’

मिहिरची परीक्षा दिवाळीआधीच संपली होती. तिला अंथरुणाला खिळलेलं पाहायची मला भीती वाटत होती. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिला न सांगता कळलं, आणि तरीही तिने लाल लावलं नाही. फार रडले, दादा. या वेळी ऐकायला कुणी नव्हतं.

मोठी आले तुला नावं ठेवणारी! गणराजने फोटोतला चष्मा पुसला, मी तर जितीजागती आत्या नजरेआड केली.

स्मरणिकेत एवढंच छाप: ‘पद्माआत्याने चाकणला अठरा वर्षं माल तपासला आणि जन्मभर आम्हाला. तिला फसवणं कुणालाच जमलं नाही. मी प्रयत्न केला होता.’ खाली नुसतं सई. ‘लाडकी भाची’ वगैरे नको.

फ्लेक्स मात्र उतरवच, त्याला तिने लालच लावलं असतं. शुक्रवारी येते, तिचं कपाट दोघं मिळून आवरू. दुरुस्तीला उशीर झालाय, तरी येते.

लोभ असू दे, पिवळा का होईना.

तुझी,
सई