रविवारच्या जंगलफेरीबद्दल अभिप्राय

नाशिक,
बुधवार, ८ जानेवारी २०२५

चि. आयुष यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी कडक पडलीय, सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. गुडघा कुरकुरतो, पण काम देतो. तुझ्या पुण्यात थंडी कशी आहे? स्वेटर घालत जा. पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, लगेच मीटिंग असते तुझी, म्हणून कागद घेतला.

सोमवारी शेजारच्या प्रतिभाच्या फोनवर तुझ्या कंपनीचा निरोप आला. 'आमच्यासोबतचा दिवस कसा वाटला? पाचपैकी किती तारे द्याल?' ती बिचारी पाच देऊन मोकळी होत होती, मी फोन काढून घेतला. कारण रविवारी गाडीत तिच्या शेजारी मी होते. 'आई, तुला झेपणार नाही' हे तुझं दोन वर्षं ऐकतेय, म्हणून तिच्याच नावावर दोन जागा घेतल्या आणि तुझ्या जंगलात जाऊन आले. चालणं झेपलं. दुपारी जे पाहिलं ते मात्र अजून घशाखाली उतरत नाही. ठमाबाईचं काय करायचं ते तुला ठरवायचंय, आणि तेही येत्या रविवारच्या आत.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील आईला खोडी काढायचीच सवय. जंगल सुरेख आहे. पेठ रस्त्याला गाडी सोडली आणि सागाच्या वाळक्या पानांवरून चालायला लागलो, तर पावलांचा काय तो आवाज. तुमचा वाटाड्या आहे ना, त्या स्वराजनं सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा केले, कुजबुजायचंसुद्धा नाही म्हणाला. प्रतिभा दोन तास गप्प राहिली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मग झाडी विरळ झाली आणि खाली तळं दिसलं. हिरवट पाणी, कडेला लव्हाळं, वाकलेल्या फांदीवर एक खंड्या. तुझे बाबा आठवले मला, त्यांनाही असं पाणी बघत बसायला आवडायचं. पण या सगळ्यात तुझं काहीच नाही रे. तळं काही तू खणलं नाहीस. तू जे केलंस ते तळ्याच्या पलीकडे, टेकाडावर आहे.

तिथं कुडाची झोपडी, शेणानं ताजी सारवलेली. दारात चूल आणि चुलीपाशी नागलीच्या भाकरी थापत बसलेली म्हातारी. लुगड्याचा काष्टा, कपाळावर हे एवढं मोठं कुंकू. स्वराज हळू आवाजात म्हणाला, "या आमच्या जंगलातल्या आजी. यांनी आयुष्यात कधी शहर पाहिलेलं नाही. कॅमेऱ्याला बिचकतात, म्हणून आधी हात जोडा, मग फोटो काढा." फोनची पिशवी त्यानं इथं बरोबर उघडली, बरं का.

म्हातारीनं मान वर केली. ठमाबाई होती.

आपली ठमाबाई, आयुष. तू सहा महिन्यांचा असल्यापासून अकरा वर्षं आपल्या घरात राहिलेली. मी ऑफिसला जायचे आणि तुझं न्हाणं, खाणं, शाळा, गोवर, सगळं तिनं काढलं. आणि म्हणे शहर पाहिलं नाही. गॅसवाल्याशी भांडून सिलिंडर आणायची ती. शालिमारला बस बदलून तुला शाळेतून घरी आणायची ती. स्वतः चौथी शिकलेली, पण तुझा एकोणतीसचा पाढा तिनं पाठ करून घेतला, मला तो अजून येत नाही. संध्याकाळी तिची मालिका लागली की घरात कुणी तोंड उघडायची सोय नव्हती.

झोपडीच्या मागं मोठी ताडपत्री बांधलीय. बाथरूमच्या निमित्तानं मी मागं गेले. तिचं खरं घर तिथं आहे, सिमेंटचं, निळा रंग दिलेलं, वर टीव्हीची छत्री, दारात नातवाची मोटारसायकल. ते दिसू नये म्हणून ताडपत्री.

शिवाय तुम्ही तिचा चष्मा काढायला लावलाय. शहर न पाहिलेल्या आजीला चष्मा कसा शोभेल, नाही का? तिला तव्याची कड दिसत नव्हती, चाचपत होती. दोनदा बोटं भाजली. एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा, यांना चटकासुद्धा लागत नाही." मला शिसारी आली. त्या बाईची आली, स्वराजची आली आणि सगळ्यात जास्त तुझी आली. पोटच्या पोराबद्दल असं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

मी ठेचा मागितला आणि तिचे हात थांबले. आवाजावरून ओळखलं तिनं, चेहरा दिसणं शक्यच नव्हतं. तेवढ्यात एका गृहस्थांनी विचारलं, "आजी, नाशिक तरी बघितलंत का कधी?" ती माझ्या बाजूला तोंड करून म्हणाली, "नाय बा. आमी कुठं जातोय."

सगळे हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आता तू विचारशील, मग तू काय केलंस आई? हे लिहायचं मी दोन पानं टाळलं. मी भाकरी खाल्ली. मान खाली घालून, ठेच्याबरोबर, दीड भाकरी. प्रतिभानं विचारलं, गप्प का, तर म्हटलं तिखट लागलं. निघताना सगळ्यांसारखे मीही तिला हात जोडले, परक्या बाईला जोडतात तसे. गाडीत मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते आणि माझ्या पदराला तिच्या चुलीचा वास येत होता. घरी येऊन साडी भिजत टाकली, अंघोळ केली, तरी किळस जाईना. तेव्हा कळलं की ती नुसती तुझी नव्हती.

काल सकाळच्या एसटीनं पेठला गेले, पुढं जीपनं. ती ओट्यावर चष्मा लावून पेपर वाचत बसली होती. म्हणाली, "येणार माहीत होतं ताई. बसा, चहा टाकते." मी तणतणत होते. म्हटलं, त्याचा कान धरून हे बंद करायला लावते की नाही बघ. तर तिनं मलाच अडवलं.

"बंद नका करू. पोराचं काम हाय. त्यानं सांगितलं म्हणून मी हो म्हटलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर लुगड्याला हात बी लावला नसता."

तुझ्यासाठी करते ती ते सोंग. आणि तू? दिवाळीच्या आधी एकदाच आला होतास म्हणे. गाडीतून उतरला नाहीस. काच खाली करून बोललास, चहाला थांबला नाहीस आणि लुगडं मागाहून स्वराजबरोबर पाठवून दिलंस. हेसुद्धा तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. तुला घाई होती, असं म्हणाली.

मी विचारलं, "ठमाबाई, राग नाही आला तुला?"

ती कपबश्या विसळत होती. "रागाचं काय त्यात? सवय हाय मला. तुमच्याकडं पावणे आले का मी आतच बसायची, मधी बोलायचं नाय, हसायचं नाय. इथं लोक नमस्कार तरी करत्यात."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उलट काहीतरी बोलले असते.

आता तुला एक सांगायचं राहिलंय, जे मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही. बोलायला लागलास तेव्हा तू मला आई म्हणायचास आणि तिला माय. तीन वर्षांचा असताना अंगणात पडलास, गुडघा फुटला. मी उचलायला धावले तर माझे हात झटकून 'माय, माय' करत स्वयंपाकघरात गेलास. त्याच संध्याकाळी मी तिला बजावलं, यापुढं त्यानं माय म्हटलं तर ओ द्यायची नाही. बाई म्हटलं तरच बघायचं. तिनं ते अक्षरशः पाळलं. आठ-दहा दिवस तू तिचा पदर ओढत, हाका मारत घरभर फिरलास आणि ती तुझ्याकडं पाठ करून भांडी घासत राहिली. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचे. मग तू आपला आपण बाई म्हणायला लागलास आणि मला बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं, आयुष.

माणूस घरातलं असून नसल्यासारखं कसं करायचं, हे तू माझ्याच घरात शिकलास. तुझ्यावर चिडायला मी निघाले होते, पण अर्ध्या वाटेत पाय अडतात.

तर तारे वगैरे काही देत नाही. येत्या रविवारी तू स्वतः यायचंस, स्वराजला पुढं करायचं नाही. गाडीतून खाली उतरायचं. ताडपत्री स्वतःच्या हातानं सोडायची, तिला चष्मा लावू द्यायचा आणि आलेल्या लोकांना सांगायचं, ही ठमाबाई, हिनं मला वाढवलं. तिला बसायचं असेल तर चुलीपाशी बसेल, पण आपल्या नावानं आणि आपल्या तोंडानं बोलेल. त्यानं तुझे लोक कमी झाले तर होऊ देत.

आणि तिला माय म्हणून हाक मार. काल निघताना मी तिला म्हटलं, आता ओ दे. तिनं पेपरची घडी घातली. मग म्हणाली, "आता त्याच्या तोंडात बसंल का ते, ताई?"

याचं उत्तर मी द्यायचं नाही. तुला द्यायचंय ते. मी येणार नाही, तुम्हा दोघांच्या मधे मी पुष्कळ उभी राहिले. पत्राखाली 'तुझी आई' लिहायची माझी सवय तुला माहीत आहे. आज तसं लिहवत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

उज्ज्वला