केलर आजोबांच्या गाडीची बॅटरी

४ जाने. २००९, रवि., झिंडेलफिंगेन
सेल्फ मारला. घर्र… घर्र… गप्प. चोक ओढून परत. लागली एकदाची! लगेच मोबाईल बॉनेटपाशी धरला. पलीकडे आखनच्या हाइममध्ये, म्हणजे शुश्रूषागृहात, उटेनं फोन वडिलांच्या कानाला लावलेला. "हसले," म्हणाली. वाटीभर सूप संपवलं म्हणे.
घरमालक माझे, केलर आजोबा. नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून बोलणं बंद. खाणंही जवळजवळ बंद. फक्त रविवारी गाडी ऐकली की तोंड उघडतात. म्हणजे त्यांचा जीव माझ्या हातातल्या किल्लीवर. मी कोण, तर वरच्या मजल्यावरची भाडेकरू. देवा रे.

६ जाने., मंगळ. (सुट्टी)
बाबांचा पुण्याहून फोन. "रविवारी कसली, रोज पाच मिनिटं चालू कर. आपली स्कूटर मी अशीच जगवली."
हो, आणि मीही तेच करत आले! अहो बाबा, तिथे ऊन, इथे उणे बारा. सुरू करताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं पाच मिनिटांत परत भरतच नाही. दिवसभर ऑफिसात गाड्यांच्या वायरिंगवर अक्कल शिकवणारी बाई मी. कपाळ माझं! दर रविवारी आजोबांना हसवत बॅटरी मारत होते.
लांब फिरवून आणावी तर नंबरप्लेट सीझनची, एप्रिलपर्यंत रस्त्यावर काढायची सोय नाही. गॅरेजच्या अख्ख्या रांगेत एक सॉकेट नाही.

९ जाने., शुक्र.
बॅटरी काढून वर आणली. धोंडा नुसता. बाथरूममध्ये ठेवली, खिडकी उघडी, मी कुडकुडत. तासाभरानं पाहते तर फरशीवर अ‍ॅसिड. आतलं पाणी गोठून तळाला चीर गेलीये. चार्जर लावायचा प्रश्नच मिटला. संपलं.
नवी घ्यावी तर ही सहा व्होल्टची, जुन्या जमान्यातली. दुकानदार म्हणाला, "हं… मागवावी लागेल. गुरुवारी बघू."
परवा रविवार आहे. गुरुवार घेऊन काय करू?

११ जाने., रवि.
केलं. मागच्या रविवारी फोन झाल्यावर मोबाईलवर गाडीचा आवाज रेकॉर्ड केलेला होता, तोच घरच्या फोनपाशी वाजवला.
उटे म्हणाली, "तोंड भिंतीकडे केलं त्यांनी. चमचा हातानं ढकलला."
उभा जन्म त्या गाडीच्या आवाजात गेला, ते फसतात होय! आजारी माणसाला फसवायला निघाले. लाज वाटते. उटे रडली. बुधवारी दुपारी डॉक्टर येणार, पोटात नळी घालायची का ते ठरवायला. "नळी घातली तर ते हार मानतील," म्हणाली. मी "सॉरी, सॉरी" एवढंच.

१३ जाने., मंगळ.
रविवारपासून आजोबा पाणीसुद्धा नाकारताहेत.
ऑफिसातून निघून जम्पर केबल घेऊन गॅरेजमध्ये. सहकाऱ्याची गाडी दाराशी आणवली. तिची बॅटरी बारा व्होल्टची, आजोबांच्या गाडीची सहाची. जोडावी? एक धक्का तर बसेल, आवाज तर येईल. पण वायरी जळल्या, दिवे गेले तर? आजोबांनी इतकी वर्षं जपलेली गाडी मी एका फोनसाठी… चिमटा हातात धरून उभी. नाही जमलं. केबल गुंडाळली. सहकारी म्हणाला, "गेनाऊ, बरोबर केलंस. शहाणी आहेस."
कसली शहाणी. आता काय उरलं?
उद्या सुट्टी टाकलीये. पहिल्या रेल्वेनं आखन.

१४ जाने., बुध., आखन
केवढेसे झालेत! ओळखलंच नाही आधी. भिंतीकडे तोंड.
खुर्ची ओढून त्या बाजूला बसले. सगळं सांगितलं. "आजोबा, बॅटरी मेली. मीच मारली. दर रविवारी पाच मिनिटं, फक्त पाच. गोठून फुटली. मागच्या वेळचा आवाज खोटा होता." बोलता बोलता रडायलाच लागले, जर्मनची पार वाट.
त्यांचा चेहरा लाल. धड असलेला हात दाणकन पलंगाच्या कठड्यावर! पुन्हा! मी चुकीच्या पेटीत कचरा टाकला की अंगणात उभं राहून झापायचे, अगदी तेच डोळे.
उटे घाबरून उठली. "पापा!"
मी म्हटलं, "रागवा. खूप रागवा. नवी उद्या येतेय, पण ती सांभाळायची कशी ते मला तुम्हीच सांगायचंय. मला येत नाही."
दारात डॉक्टर येऊन थांबलेले.
आजोबांचे ओठ हलले. घशातून काहीतरी घरघरलं. तोंड उघडलं, चांगलं मोठं. शिवी द्यायला की कशाला, कुणास ठाऊक.
उटेनं सुपाचा चमचा पुढे केला.