ड्रायव्हरचं झाकण

प्रिय धाकट्या,

फोन केला असता, पण फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. आधी खुशाली. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. दातांची लॅब सोडून सहा महिने झाले. चौतीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवल्या. निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या सफाईदार हाताबद्दल भाषण केलं आणि बोलताना त्यांचीच कवळी हलत होती. ती मी केलेली नव्हती, एवढं लिहून ठेवते.

पण काम सुटलं तरी हाताची खोड सुटत नाही. पहिल्या महिन्यात घरातली सगळी कपाटं आवरून झाली आणि माळ्यावर बाबांनी तुझ्यासाठी आणलेला, प्लास्टिकचे तुकडे जोडून करायच्या रणगाड्याचा तो डबा सापडला. तू फौज सोडून घरी आलास त्या वर्षीचा. डब्यावरच्या चित्रात तुझाच रणगाडा आहे म्हणून बाबा किती खूश होते! तू झाकण उघडलंस, मिनिटभर बघितलंस, ‘बाबा, हा चुकीचा आहे’ म्हणालास आणि बाहेर निघून गेलास. बाबांना वाटलं, दुकानदारानं फसवलं. ते बदलून आणायलाही गेले होते, हे तुला कुणी सांगितलं नसेल. दुकानदार म्हणाला, सगळे असेच येतात.

आणि खरोखरच तो चुकीचा आहे, बाबा रे. मी आधी वरचा भाग नुसता जुळवून पाहिला आणि मग मापं घ्यायला लागले. हा संच निघाला तेव्हा मुलांना चालणारा रणगाडा हवा होता, म्हणून आत मोटर आणि बॅटरी मावावी एवढी खालची पेटी फुगवलेली. दोन्हीकडून दोन-दोन मिलीमीटर जास्त. तळाला स्विचचं भोक. चाकं कुणीतरी घाईत काढल्यासारखी, आणि तोफेची नळी दोन अर्ध्या तुकड्यांची, जोडली की मधोमध शिवण दिसते. मला चेव आला. लॅबमधलं बारकं ड्रिल, मेणाचे चाकू, भराव करायचं ॲक्रिलिक, सगळं हाताशी होतंच. पेटी मधून कापली, घासली, पुन्हा जोडली. भोक बुजवलं. सुटे भाग तोडून घेतल्यावर उरणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर धरून ओढला की केसाएवढी तार निघते, तिचे वेल्डिंगचे सांधे केले. शेजारची विचारते, ताई, काय चाललंय? मी म्हटलं, रणगाड्याला कवळी बसवतेय.

अडलं ते टरेटपाशी. तोफ बसवलेला तो वरचा फिरता भाग. तो कुठे आणि किती उंचीवर बसतो ते फोटोंवरून कळेना. तुला विचारणं सोपं होतं, पण तुला त्यातलं काही विचारायचं नाही हा आपल्या घरातला नियम आहे. म्हणून माजी सैनिकांच्या संघटनेला पत्र टाकलं आणि मापांची चित्रं मागवली. उत्तर आलं ते तुझ्याच रणगाड्याच्या कमांडरचं. तिथली जुनी कागदपत्रं आता तेच सांभाळतात. आडनाव वाचून त्यांनी विचारलं होतं, आपण आमच्या तोपचीच्या कोण?

दोन पत्रं झाली आणि एका रविवारी सकाळी ते स्वतःच आले. काठी टेकत दोन जिने चढले, पाणीसुद्धा न पिता टेबलापाशी बसले आणि चष्मा कपाळावर सरकवून रणगाडा अगदी डोळ्यांशी धरला. चाकं बघून म्हणाले, आमच्या वर्कशॉपपेक्षा बरी आहेत. मग बोटानं टरेट हळूच उजवीकडे फिरवला आणि पुढचं, ड्रायव्हरच्या डोक्यावरचं छोटं झाकण नखानं उचललं. ते उघडलं. त्यांनी पुन्हा बंद केलं, पुन्हा उचललं. मग म्हणाले, ‘हे उघडायला नको.’ मी विचारलं, का? ते म्हणाले, ‘टरेट पाच मिलीमीटर मागे बसलाय. खऱ्यात तोफ इथे असली की हे झाकण वर येतच नाही.’

मला कळायला वेळ लागला. खरी गाडी याच्या पस्तीसपट, म्हणजे पाच मिलीमीटरचे तिथे साडेसतरा सेंटिमीटर. मी गाडी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि नळीखाली पट्टी लावून पाहिली.

मग त्यांनी तो दिवस सांगितला. आपल्या घरात त्या दिवसाचं एकच वाक्य आहे, ‘ड्रायव्हर गेला.’ तू तोपची होतास, तोफ फिरवणं तुझं काम, आणि तोफ त्याच्या झाकणावर होती, हे मला पंचवीस वर्षांनी एका खेळण्यावरून कळलं. पण त्यांनी आणखीही सांगितलं, आणि ते तुला माहीत आहे की नाही याची मला खात्री नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिते. तोफ उजवीकडे घे, हा हुकूम त्यांचा होता. शत्रूच्या पहिल्याच गोळ्यानं गाडीतली वीज गेली आणि टरेट जागीच अडकला. त्यांनी ओरडून सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. तू पडला नाहीस. टरेट हातानं फिरवायचं चाक धरून आत बसलास आणि आग आत आली तरी फिरवत राहिलास. शेवटी त्यांनी तुझी कॉलर धरून तुला वर ओढलं, तेव्हा तू त्यांना लाथ मारलीस. पायाचं दुखणं त्याचंच का, असं मी विचारलं तर हसले, म्हणाले, नाही, ते म्हातारपणाचं. ड्रायव्हर त्या धडाक्यातच गेला की नंतर, हे त्यांना माहीत नाही. खोटा दिलासा द्यायला मी आलेलो नाही, म्हणाले. तुला त्यांनी दोनदा पत्रं लिहिली होती. पोचली असतील.

ते गेल्यावर मी दोन दिवस त्या गाडीला हात लावला नाही. खरं सांगते, आहे तसंच ठेवावं असं वाटलं. निदान या एका गाडीत तरी ते झाकण उघडतंय. पण मग आधीची सगळी कापाकापी कशासाठी केली? तिसऱ्या दिवशी टरेटचं भोक बुजवलं, पुढे सरकवून नवं पाडलं. आता नळी उजवीकडे घेतली की झाकण तिला अडतं. टरेट चिकटवलेला नाही. फिरतो.

आता मुद्द्याचं. गेल्या मंगळवारी एका बाईंचा फोन आला. शाळेत ग्रंथपाल आहेत, आवाज शांत. तुमच्या ड्रायव्हरची बायको. कमांडरनी त्यांना या गाडीबद्दल सांगितलंय. आपला नवरा नेमका कुठे बसायचा हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही. संग्रहालयातल्या गाडीवर चढू देत नाहीत. झाकणाचं त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत आहे, आणि तू फिरवत राहिलास त्या चाकाचंही. मी तुझं नाव काढायच्या आतच म्हणाल्या, ‘तुमच्या भावाला सांगा, मला सगळं माहीत आहे, आणि माहीत असूनच बोलावतेय.’ त्यांच्याकडे नवऱ्याची पत्रं आहेत. त्यात तू बेसूर गातोस आणि सगळ्यांच्या वाटणीची बिस्किटं खातोस, असं लिहिलंय म्हणे. येत्या शनिवारी सकाळी अकराच्या बसनं मी गाडी घेऊन त्यांच्याकडे जातेय. तू स्टँडवर ये. नाही आलास तरी मी जाणार आहे आणि तुझ्यावर रागावणार नाही. पण त्या मला विचारतील, तो आत कसा बसायचा, काय बोलायचा, कशावर हसायचा; आणि मला, धाकट्या, फक्त मापं ठाऊक आहेत.

तुझीच,
ताई